धोंडुबाईचं केळवण

मी पितळी बोलतेय. शहरातल्या माणसांना माझी ओळख नसेल म्हणून सांगते. मी ताटापेक्षा खोल, चार बोटं उभ्या काठाची, जाड पितळेची. आमच्याकडं भाकरी आमटीत नाहीतर दुधात कुस्करून खातात, आणि असा काला साध्या ताटात मावत नाही. त्यासाठी मी.

कराडच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. बाजारात हरणाबाई नावाच्या बाईनं मला दोनदा वाजवून बघितलं आणि पदराखाली धरून घरी नेलं. तिचं घर आटपाडीच्या बाजूला, माणदेशात. मेंढरं राखणारं घर. दूध होतं, लोकर होती, पावसाच्या भरवशाची थोडी बाजरी होती. हरणाबाईचा एकुलता मुलगा भाऊसो, त्याची बायको धोंडुबाई आणि त्यांची मुलगी साळू. एवढ्या चौघांचं ते घर. त्या वेळची धोंडुबाई शेवग्याच्या शेंगेसारखी शिडशिडीत होती. डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढायची आणि वर येऊन गाणं म्हणायची. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मग बहात्तर साल आलं. पाऊस पडलाच नाही. आधी बाजरी गेली, मग मेंढरं एकेक करून बसली ती उठली नाहीत. भाऊसो आणि धोंडुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथं सुकडीचा कोरडा खाऊ मिळायचा, रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची. घरातली बाकीची भांडी विकली गेली. मी तेवढी राहिले, कारण चौघांना जेवायला एक तरी भांडं हवंच होतं.

संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचं माडगं व्हायचं. माडगं म्हणायचं, नाहीतर ते मीठ घातलेलं पाणीच. आधी साळू प्यायची, मग भाऊसो. मग सासूसुना. हरणाबाई माझ्या काठाला नुसते ओठ लावायची आणि मला सुनेकडं सरकवायची.

"तू पी. मला भूक न्हाई."

"आत्याबाई, सकाळीबी न्हाई म्हणालासा."

"म्हाताऱ्या माणसाला कशाची आलीया भूक? तुला उद्या खडी फोडायची हाय. पी."

धोंडुबाई प्यायची. बोटानं पुसून चाटायची. मला धुवायलासुद्धा काही उरायचं नाही.

चैत्रात एका दुपारी हरणाबाई भिंतीला टेकून बसली ती बसलीच. तिला उचलताना भाऊसोला एका हाताचासुद्धा जोर लागला नाही.

घराची लाकडं विकून ती तिघं कराडच्या बाजूला आली. उंब्रजजवळ लालासाहेब नावाच्या बागायतदाराच्या मळ्यात भाऊसोला पिकाला पाणी पाजायचं काम मिळालं, राहायला खोली मिळाली. सगळीकडं ऊस. कृष्णेचं पाणी पाटातून खळखळत जायचं. धोंडुबाई पहिल्या दिवशी पाटाच्या कडेला बसून नुसती पाण्याकडं बघत राहिली.

इथं अन्नाला तोटा नव्हता. ज्वारी होती, वांगी होती, गुऱ्हाळाचा गूळ होता. धोंडुबाई जेवायला बसली की डावा हात माझ्या काठावर घट्ट ठेवायची, जणू कुणी मला ओढून नेईल. एक भाकरी, दुसरी, चौथी. पोट भरलं की माणसाचा हात सैल होतो, मला ते कळतं. तिचा हात सैल व्हायचा, पण ती थांबायची नाही. साळूनं टाकलेलं खायची, भाऊसोचं उरलेलं खायची, पातेल्याच्या बुडाची खरवड काढून खायची. साळूनं चतकोर ठेवला तर ओरडायची.

"खा! अन्न टाकतीस? ठावं हाय का तुला?"

"आये, पोट फुटंल माझं."

"न्हाई फुटत. खा."

शिवाय ती भाकऱ्या लपवायची. उतरंडीत, वाकळेच्या घडीत. वाळून कडक झाल्या की त्याही पाण्यात भिजवून खायची.

चारपाच वर्षांत शेंगेसारख्या बाईचं ओझं झालं. गुडघे गेले. चढ तर सोडाच, खोलीपासून पाटापर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं. आडवी झाली की श्वास कोंडायचा, म्हणून बसूनच झोपायची. मळ्यातली माणसं हसायची. कुणी म्हणायचं, लालासाहेबाच्या बैलांपेक्षा हिला वैरण जास्त लागते. धोंडुबाईही त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन पुन्हा जेवायला बसायची.

एकदा चुलीपुढंच चक्कर येऊन पडली. तिला उठवायला चार माणसं लागली. मग भाऊसोनं तिला मिरजेला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून पथ्याचं जेवण सुरू केलं. आठ दिवसांनी वजन केलं तर काटा जागचा हललेला नाही. नर्सनं उशी उचलली. खाली भाकरीचे तुकडे होते.

डॉक्टर रागावले नाहीत. भाऊसोला म्हणाले, "अशानं या बाई दोन वर्षं काढणार नाहीत. एक ऑपरेशन आहे. नवीन आहे, आपल्याकडं फारसं झालेलं नाही. बारीक आतड्याचा बराचसा भाग बाजूला ठेवून पुढं जोडून द्यायचं. खाल्लेलं अंगी कमी लागेल. पण धोका आहे. आणि नंतर पोटभर खाल्लं, तेल-तूप खाल्लं, तर जुलाबांनी जीव जाईल. जन्मभर दोन घास खाऊन उठायचं."

धोंडुबाईनं उशी ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "जन्मभर?"

"जन्मभर."

"मग मला पंधरा दीस द्या, डाक्टरसायेब. सगळ्यास्नी भेटून येते."

डॉक्टरांना वाटलं, नातेवाइकांना भेटायचं असेल.

ते दिवस पौषाचे होते, अठ्ठ्याहत्तर सालचे. पहिल्या दिवशी तिनं पुरणपोळी केली. माझ्यात कटाची आमटी ओतली, वर तुपाची धार धरली. जेवून झाल्यावर पोळीच्या शेवटच्या तुकड्याकडं बघत म्हणाली, "बराय, बाई. आता न्हाई गाठ पडायची." साळू खुदकन हसली. धोंडुबाई हसली नाही.

शेजारची तानुबाई हुरडा घेऊन आली. गुऱ्हाळावरनं गरम काकवी आली. भाऊसो कधी नव्हे ते साताऱ्याला गेला आणि कंदी पेढे घेऊन आला. लालासाहेबाच्या घरनं मटणाच्या रश्शाचं भगुणं आलं. ज्यांनी तिला हसून घेतलं होतं त्या बायाही ताटं झाकून येऊ लागल्या. तानुबाई म्हणाली, "आमच्या धोंडुबाईचं केळवण चाललंय गं!" सगळ्या हसल्या. केळवण लग्नाआधी करतात. नव्या घरी जाणाऱ्या पोरीला गोडधोड खायला घालतात. ही कुठल्या घरी चालली होती ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी तिच्या मांडीपुढं होते म्हणून सांगते, त्या पंधरा दिवसांत तिला चव अशी लागलीच नाही. वांग्याचा घास तोंडात घेऊन ती डोळे मिटायची, चावायची, आणि डोळे उघडले की त्यांत काही नसायचं. एक दिवस तिनं वांग्याचं भरीत अर्ध्यात थांबवलं आणि भाऊसोला म्हणाली, "आवं, माझं खरं भेटायचं ऱ्हायलंय. मला गावाकडं न्या."

"तिथं हाय काय आता? चार भिंती."

"तरीबी न्या."

तिनं मला फडक्यात बांधलं, हुलग्याचं पीठ घेतलं. एसटीनं विट्यावरून आटपाडीकडं निघाली. एसटीत ती दोन माणसांची जागा व्यापून बसली होती, पण कंडक्टर काही बोलला नाही. तिचा चेहराच तसा होता.

दुपारी आम्ही पोचलो. छप्पर नव्हतं. उंबऱ्यात तरवड उगवला होता. ज्या भिंतीला टेकून हरणाबाई गेली ती भिंत तेवढी उभी होती. धोंडुबाईनं तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि माडगं केलं. पूर्वीसारखंच. पातळ, नुसतं मीठ घातलेलं. माझ्यात ओतलं आणि मला भिंतीपुढं ठेवलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "जेवा."

भाऊसो दगडावर बसला होता. तो उठून जवळ आला नाही.

"तुमी रोज म्हणायचा, मला भूक न्हाई. आत्याबाई, मला कळत हुतं. तुमी खोटं बोलत हुता ते मला पयल्या दिसापासनं कळत हुतं. तुमच्या हाताचं हाड दिसायचं मला. कळत हुतं, आन् म्या पीत हुते. एक दीस तरी ढकलायची हुती ही पितळी माघारी. न्हाई ढकलली. भूक लय हुती ओ." ती जमिनीवर दोन्ही हात टेकून वाकली. "तवापासनं जे खाते ते तुमचंच खाते असं वाटतंय. मग टाकू कसं? तुमचं कसं टाकू?"

तिला वाकताही येत नव्हतं. अर्ध्यातच अडकून ती रडत होती.

भाऊसो उठला. तिच्याजवळ येऊन बसला.

"मलाबी ठावं हुतं," तो म्हणाला.

धोंडुबाईनं मान वर केली.

"माझी आय हुती ती. मला कळणार न्हाई व्हय? माझ्यानंतर तुमी दोघी राह्यच्या, आन् माडगं एकीपुरतं बी नसायचं. तरी मी माझ्या वाट्याचं सगळं पिऊन उठायचो. कवा घोटभर म्हागं ठिवलं न्हाई. पाच वर्सं झाली, आयचं नाव घेतलं का बघ घरात. तू खात राह्यलीस, मी गप राह्यलो. एवढाच फरक."

मग भाऊसोनं मला उचललं, एक घोट घेतला आणि तिच्याकडं दिलं. तिनं एक घोट घेतला. असं करत त्यांनी ते माडगं संपवलं. तिचा डावा हात माझ्या काठावर नव्हता. तो भाऊसोच्या गुडघ्यावर होता.

चौथ्या दिवशी मिरजेला ऑपरेशन झालं. मी पिशवीत, खाटेखाली होते. ताप आला, जखम चिघळली, सोळा दिवस भाऊसो पायथ्याशी बसून होता. धोंडुबाई वाचली.

वाचली एवढंच म्हणते. वजन उतरलं, वर्षात निम्मी बाई राहिली. बघायला येणाऱ्या बाया तोंडात बोटं घालायच्या. पण तिचे केस झडले, कातडी ओघळली, नखं पिवळी पडली. चमचाभर तूप गेलं तरी दिवसभर परसाकडं हेलपाटे. पूर्वी जाडीनं पाटापर्यंत चालता येत नव्हतं, आता अशक्तपणानं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पोट उघडून आतडं पहिल्यासारखं जोडू. ती नको म्हणाली. "आता न्हाई सोसायचं, सायेब."

वाकळेच्या घडीत मात्र पुन्हा कधी भाकरी सापडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात साळूचं लग्न झालं. सासरी निघायच्या सकाळी धोंडुबाईनं स्वतः भाकरी थापली. तीन वेळा टेकली तेव्हा एक भाकरी झाली. माझ्यात दूध ओतून कुस्करून साळूपुढं ठेवली. साळूनं अर्धी खाल्ली. मग तिनं सवयीनं आईकडं बघितलं आणि घास घाईघाईनं कोंबू लागली.

"साळे," धोंडुबाई म्हणाली, "पोट भरलं का?"

"व्हय."

"मग ऱ्हाऊ दे."

"आये, टाकू?"

"ऱ्हाऊ दे म्हणते न्हवं. कोंबड्या खातील. तू नगं खाऊ." आणि थोड्या वेळानं, "सासरीबी पोट भरलं की उठायचं. कुणाला भिऊन खायाचं न्हाई, आन् कुणापायी उपाशी ऱ्हायाचं न्हाई."

साळू गेली. धोंडुबाई भिंतीच्या आधारानं उठली, मला उचलून अंगणात आणलं आणि कोंबड्यांपुढं ठेवलं.

तेव्हापासून मी इथंच आहे. घरात आता स्टीलची भांडी आलीत. धोंडुबाईला एक छोटी वाटी पुरते. माझी कल्हई उडाली, काठाला हिरवट चढलंय. मला त्याची खंत नाही. वाचणाऱ्या बाप्या-बायांनो, तुमच्या पंगतीला कुणी अधाशासारखं जेवताना दिसलं तर हसण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा. दुसरं काही मागणं नाही माझं.

दुपारी ऊन उतरलं की ती उंबऱ्यावर येऊन बसते. मूठभर ज्वारी माझ्यात टाकते. कोंबड्या येतात, टिपतात, पोट भरलं की उरलेले दाणे तसेच टाकून मोकळ्या मनानं निघून जातात. ती बघत राहते. काल भाऊसो म्हणाला, "काय बगतीस एवढं?"

"कशा जात्यात बगा," ती म्हणाली. "म्हागं वळूनबी बगत न्हाईत."