हिरवा चहा

कंपनीच्या साहेबांची गाडी पेणच्या मिठागरापाशी थांबली, तेव्हा सगुणाने डावा हात पदराखाली घेतला होता. आठ बायका बांधावर ओळीने उभ्या होत्या. तीन महिने प्रत्येकीने डाव्या हाताला कंपनीचं मलम लावायचं आणि उजवा तसाच उन्हात ठेवायचा, असं ठरलं होतं. उन्हाने कातडी अकाली सुरकुतते, ते मलमाने थांबतं का, हे बघायचं होतं. मलम रोह्याच्या कंपनीत बनलेलं, आणि तिथल्या प्रयोगशाळेत सगुणाची लेक प्रतिक्षा कामाला. हात नीट निघाले तर जूनपासून ती कायम होणार होती.

आठवी बाई मिळेना म्हणून प्रतिक्षाने आईलाच घेतलं, आणि नातं साहेबांना सांगितलं नाही. मलमाच्या नळीत काय आहे ते बायकांना कळू द्यायचं नाही, हा साहेबांचा सक्त नियम. पण पोरीच्या पोटात राहतंय होय! "हिरव्या चहाचा अर्क हाय गो आई," असं ती चुलीपाशी बोलून गेली होती.

सगुणाचा हात मुळातच सढळ. तिची नळी पंधरा दिवस आधीच संपली. दुसरी मागितली तर लेकीला बोलणी बसतील, म्हणून तिने आपलं डोकं चालवलं. हिरवा चहा तर परसात माजला होता. गवती चहाची पात वाटून ती रोज हाताला चोळू लागली. उन्हात हात असा भगभगायचा की रडू फुटायचं, पण औषध लागू पडतंय असंच तिला वाटलं.

सात हात बघून साहेब खूश झाले. "आता तुमचा."

पदर सरकला. कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे. साहेबांच्या मागे उभी असलेली प्रतिक्षा एक पाऊल पुढे आली.

"मलम बाधलं," साहेब वहीत लिहू लागले. "हे बाजारात जाणार नाही. काम बंद."

सगुणाने लेकीकडे बघितलं. बोलावं तर पोरगी अडकते, गप्प बसावं तर तिची सगळी मेहनत पाण्यात जाते.

"मलमानं नाय, सायेब. नळी सरली, तवा मी पात लावली. गवती चहाची."

"चहाच का लावलात?"

"वासावरनं वाटलं."

साहेबांनी नळीचं टोपण काढून हुंगलं. "याला वास नाही, बाई. तुम्हाला कोणी सांगितलं?"

सगुणाने हात पुन्हा पदराखाली घेतला.

"मी सांगितलं," प्रतिक्षा म्हणाली. "ती माझी आई आहे."

साहेबांनी आठवं नाव खोडलं. मलम वाचलं. उद्यापासून कामावर येऊ नका, असं त्यांनी प्रतिक्षाला शांतपणे सांगितलं आणि ते गाडीत बसले.

"माझ्यापायी गेलं गो तुझं," सगुणाला हुंदका आवरेना.

"पातीचा नव्हता तो अर्क, आई. हिरवा चहा येगळा असतो."

"मंग कसा असतो?"

प्रतिक्षाने आईचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला.

"मी तरी कुठं बघितलाय? आमच्याकडं नुसती भुकटी यायची, बंद डब्यातनं."