न जळणारा बडग्या

तान्हा पोळा होऊन नऊ दिवस झाले होते आणि लहानू घराबाहेर पडत नव्हता. गल्लीत गाडी थांबली की तो उठून दारामागे जाई, गाडी गेली की परत येऊन बसे. चाळीस वर्षं बडग्या बनवणारा हा माणूस, पण असं कधी झालं नव्हतं.

गावाला जे छळतं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत शिव्या देत फिरवायचा आणि दिवस मावळायच्या आत जाळून टाकायचा, हे त्याचं काम. यंदा त्यानं महागाईचा बडग्या केला आणि त्याला तोंड दिलं थेट दिल्लीत राज्य करणाऱ्या बन्सलसाहेबांचं. सकाळी अंगणात तो पुतळ्याला मिशी चिकटवत असताना एक गोरी बाई आली आणि फोटो काढून गेली. चपलांची माळ घालायची अजून बाकी होती. योग म्हणतात तो असा!

तिच्या देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रात फोटो छापून आला. लहानूचा हात साहेबांच्या गालावर, आणि खाली मजकूर: नागपूरचे लोक आपल्या लाडक्या नेत्याची मूर्ती घडवून मिरवतात. सुनेनं, काजलनं, मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा लहानू पोट धरून हसला होता. दुसऱ्या दिवशी खुद्द साहेबांनीच तो फोटो अभिमानानं साऱ्या देशाला दाखवला, आणि त्याचं हसू पळालं.

"खरं कळलं तं माहं काय होईन वं?"

"कोण सांगते? मिरवणुकीत तं साहेबाच्याच पक्षाचे पोट्टे नाचून राहिले होते. सांगतीन तं तेच फसतीन," काजल म्हणाली.

दहाव्या दिवशी साहेबांच्या पक्षाचे शहराध्यक्ष मधुकरराव आलेच. जन्म मारबत निघते त्या इतवारीतला, बडग्या म्हणजे काय याचं बाळकडूच मिळालेलं. शाल, नारळ, पेढे सगळं आणलं होतं, पण गडी नजरेला नजर देत नव्हता.

"लहानूभाऊ, दिल्लीले मूर्ती लय आवडली. अशीच अजून एक पाहिजे. पक्षाच्या हापिसात समोरच बसवतो. साहेब स्वतः येऊन राहिले."

"तुम्हाले तं ठाऊक आहे, मी काय बनवतो."

"मले काहीच ठाऊक नाही," मधुकरराव घाईनं म्हणाले. "अन् तुम्हालेबी नाही. तोंड उघडलं तं दोघंही मेलो."

म्हणजे जीव वाचला होता. लहानूला हायसं वाटायला हवं होतं, पण शाल अंगावर पडताच त्याला बापाचे शब्द आठवले: न जाळलेला बडग्या जिथं उभा राहतो, तिथंच पीडा मुक्काम करते. चाळीस वर्षांत त्यानं एकही शिल्लक ठेवला नव्हता.

"बनवतो," तो म्हणाला. "नाही म्हणाची माही सोय नाही. पण मधुकरराव, त्याले जाळाचं कधी?"

मधुकररावांचा चेहरा उतरला. नारळ या हातातून त्या हातात गेला. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं.

"हापिसात माही खुर्ची त्या बडग्याच्याच बाजूले राहीन गा," ते हळूच म्हणाले.