दुसऱ्या पाळीचं पाकीट

"आप्पा, फ्रीज आता चौथ्यांदा उघडलात," मुलगी कांदा परतता परतता म्हणाली. "आतलं पीठ कुठे पळून जात नाही."

आप्पांनी दार लावलं, दोन पावलं मागे सरले आणि पुन्हा दाराकडेच बघत उभे राहिले. कामावरून घरी बसून त्यांना तीन महिने झाले होते, पण 'बसून' हे आपलं म्हणायला. या तीन महिन्यांत त्यांना एका खुर्चीत सलग दहा मिनिटं कोणी पाहिलं नव्हतं. पायाला भिंगरी लागते ती तरुणपणी. आप्पांना ती साठीच्या दारात लागली, आणि तीही मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात. सकाळपासून त्यांनी दोनदा नळाची चकती बदलली होती. खरं तर जुनी चकती चांगली होती.

आज त्यांना जास्तच चैन नव्हतं. पाच वाजता मुलीची नणंद आणि तिचे वकील यजमान यायचे होते. खाणंपिणं निमित्ताला. खरं काम होतं ते कागदाचं. ज्या कारखान्यात आप्पांनी एकतीस वर्षं काढली, त्या कारखान्याला नोटीस जायची होती आणि तिच्यावर आप्पांची सही हवी होती.

कारखाना पिठाचा. पीठ आणि लोणी यांच्या घडीवर घडी घालून, लाटून, गोठवून त्याची पाकिटं भरायची. लोक ती दुकानातून घरी नेतात, आत काहीबाही भरतात, भाजतात आणि पाहुण्यांना सांगतात, विशेष काही नाही हो, घरीच केलं. यात सगळी मेख गारव्यात असते. पीठ गार राहिलं तर लोणी पदरापदरांत वेगळं राहतं आणि ओव्हनमध्ये पदर फुलतात. ऊब लागली की लोणी पिठात मुरतं, आणि मग तुम्ही डोकं आपटलंत तरी ते फुलत नाही. आप्पा दोन नंबरच्या मशीनवर होते. पिठावर अंगठा टेकवून ते गारवा सांगायचे आणि तो कधी चुकायचा नाही. कारखान्यात त्यांना अंगठेबहाद्दर म्हणत. उत्तम लिहितावाचता येणाऱ्या माणसाने हे नाव मिरवावं, असं आप्पांखेरीज कोणी केलं नसेल.

दोन वर्षांपूर्वी तपासणीला एक मुलगी आली. तिच्याकडे सुईसारख्या टोकाचं थर्मामीटर असायचं. दर अर्ध्या तासाने ते पिठात खुपसायचं, आकडा लिहायचा आणि पुढे जायचं. आप्पा तिला मापवाली म्हणायचे आणि तिच्या आकड्यांकडे ढुंकून बघायचे नाहीत. मग एके दिवशी माल बिघडला. दुकानांतून तक्रारी आल्या, पाकिटं परत मागवली, आणि मापवालीच्या वहीत निघालं की त्या पाळीत पीठ गरम होतं आणि 'मशीन थांबवा' असं तिने सांगितलं होतं. साहेबांनी आप्पांच्या कामावर भाषण केलं, एक घड्याळ दिलं आणि निवृत्तीच्या सहा महिने आधीच घरी पाठवलं.

आप्पांनी घरी येऊन सांगितलं, ती मला काही बोललीच नव्हती. आकडा तिने मागाहून लिहिला. पीठ ठीक होतं, गाडीत गरम झालं असेल. मशीनच्या धडधडाटात दुसरं कोणी ऐकायला नव्हतं, त्यामुळे शब्दाला शब्द. जावयाने सासऱ्याचा शब्द खरा मानला. तो आप्पांवर पोटच्या मुलासारखी माया करणारा, आणि तितकाच तापट. त्याने ही हकीकत ऑफिसात सांगितली, शेजारी सांगितली आणि शेवटी वकील मेव्हण्यांना सांगितली. नोटिशीत लिहिलं होतं की तपासनीस बाईंनी खोटी नोंद केली. ती नोटीस गेली असती तर त्या मुलीची नोकरी गेली असती. आप्पांना हे ठाऊक होतं. पण पीठ तर ठीकच होतं, मग ती बोलली काय नि न बोलली काय, अशी ते रोज स्वतःची समजूत घालायचे आणि रोज चकत्या बदलायचे.

मुलीने फ्रीजमधून पाकिटं काढली. कोपऱ्यावरच्या दुकानात एकावर एक मिळाली म्हणून तिने दोन आणली होती. आप्पांनी दोन्ही उलटी करून कडेचे बारीक छापलेले आकडे वाचले. ते वाचायला त्यांना चष्मा लागत नसे. दोन्हींवर तारीख एकच होती, आणि ती तारीख त्यांना झोपेतही आठवली असती. मशीन दोन नंबरचं. एकावर पहिली पाळी, दुसऱ्यावर दुसरी, त्यांची स्वतःची. सगळा माल परत मागवला म्हणतात, पण कुठल्यातरी फ्रीजच्या तळाशी चार पाकिटं राहतातच. कारखान्यातून दोन्ही एकाच गाडीने निघाली असणार.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

काही नाही म्हणून त्यांनी पाकिटं परत दिली. ही नको, दुसरी आण, असं ओठावर आलं होतं. पण साडेचार झाले होते, आणि शिवाय त्यांना बघायचंही होतं. आपल्या पाळीचं पीठ फुलतं की नाही, गेले तीन महिने तेच तर बघायचं होतं.

मुलीने पाकिटांतल्या पिठाच्या दोन्ही चादरी ओट्यावर उलगडल्या. "ही दुसरी चिकट लागतेय हो. बोटाला लोणी येतंय."

आप्पांनी अंगठा टेकवला. एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर. दोन्ही सारख्याच लागल्या. खरं सांगायचं तर दोन्ही कशाच लागल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा अंगठा बधिर होत चालला होता. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायची सवय त्यांनी गुपचूप करून घेतली होती. कारखान्यात सांगितलं नव्हतं, घरीही नाही. अंगठेबहाद्दराने हे सांगायचं तरी कुणाला?

मुलीने चादरींवर मोहरीचा सॉस पसरला, किसलेलं चीज, परतलेला कांदा आणि मिरपूड घातली आणि गुंडाळ्या केल्या. सुरीने पदर चेपतात म्हणून आप्पांनी शिवणाच्या डब्यातला दोरा आणला आणि दोऱ्याने चकत्या पाडल्या. एकीच्या आठ, दुसरीच्या आठ. ट्रेमध्ये त्यांनी पहिल्या पाळीच्या डावीकडे लावल्या, दुसऱ्या पाळीच्या उजवीकडे. मुलगी हसून म्हणाली, लग्नातल्या पंगतीसारखे दोन पक्ष कशाला बसवताय? आप्पांना हसू आलं नाही.

ट्रे आत गेला आणि दाराची घंटा वाजली. पाहुणे दहा मिनिटं आधीच आले. जावई बाहेरच्या खोलीत होताच, मुलगीही गेली. आप्पा ओव्हनसमोर स्टूल ओढून बसले आणि काचेतून बघत राहिले.

आठव्या मिनिटाला डावीकडच्या चकत्या फुगून वर आल्या. पदर सुटे झाले, कडा सोनेरी व्हायला लागल्या. उजवीकडच्या तशाच होत्या. मग त्यांच्यातून लोणी पाझरलं आणि ट्रेमध्ये चरचरायला लागलं. आप्पा दहाव्या मिनिटापर्यंत थांबले, बाराव्यापर्यंत थांबले. कधीकधी उशिरा फुलतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एकतीस वर्षांत उशिरा फुललेलं पीठ त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

वीस मिनिटांनी त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला. आठ फुललेल्या आणि आठ चपट्या, तुपकट. त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले. सिंकखाली कांद्याच्या सालींची बादली होती. बाहेर माणसं चार. आठ चकत्या रगड झाल्या असत्या. मुलीला सांगता आलं असतं की ट्रे हातातून निसटला. त्यांनी चिमट्याने एक चपटी उचललीसुद्धा.

बाहेरून नणंदेचा आवाज आला. आणि ती बया अजून तोंड वर करून कामावर जातेय, असं ती म्हणत होती. वकील म्हणाले, एकदा हे गेलं की नाही जायची.

आप्पांनी चकती ट्रेमध्ये परत ठेवली, दोन फडकी घेतली आणि ट्रे होता तसा उचलून बाहेर नेला. टेबलावर नोटीस होती, वर पेन. त्यांनी ट्रे शेजारी ठेवला. मुलीचा चेहराच उतरला. नणंदेसमोर आणि हे असं. ओव्हनच एका बाजूने मेला तापत नाही, असं ती सांगायला लागली.

"ओव्हन ठीक आहे," आप्पा म्हणाले. "डावीकडचं पीठ पहिल्या पाळीचं. उजवीकडचं दुसरीचं. दुसरी पाळी माझी होती."

जावई म्हणाला, "पाकीट जुनं असेल, आप्पा."

"दोन्ही एकाच दिवसाची आहेत. गाडीही एकच." मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "ती मला म्हणाली होती. दोनदा म्हणाली. आवाजात ऐकू यावं म्हणून ओरडून म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझं खेळणं बिघडलंय, आणि मशीन चालूच ठेवलं."

जावई सासऱ्याकडे न बघता ट्रेकडे बघत राहिला. तीन महिने किती जणांना सांगत हिंडलो, ते त्याला एकेक करून आठवत असणार. मुलीने नोटीस उचलून उगाचच सरळ केली. नणंदेला बोलायचं कधी अडत नसे, पण तिनेही एक चकती उचलून तोंडात घातली, आणि ती चपटी निघाली तरी मुकाट्याने चावत राहिली.

आप्पा वकिलांना म्हणाले, "हे राहू द्या. त्याऐवजी दुसरं लिहा. ती खरं बोलली, खोटं मी बोललो. त्याच्यावर सही करतो."

"काका, मग तुमच्या हातात काही उरत नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

वकिलांनी कोरा कागद काढला, पेनचं टोपण उघडलं. "नोटिशीत पद पुरलं असतं. इथे नाव लागेल. त्या बाईंचं नाव सांगा."

आप्पांनी तोंड उघडलं. दोन वर्षं, दर अर्ध्या तासाने, ती त्यांच्या कोपराशी येऊन उभी राहायची. तिला जाड भिंगाचा चष्मा होता. डबा ती खिडकीपाशी एकटी खायची. गार पिठाने तिची बोटं फुटायची, म्हणून ती खिशात मलमाची डबी ठेवायची. हे सगळं त्यांना लख्ख आठवलं. चौघं त्यांच्याकडे बघत होते.

"कधी विचारलं नाही," आप्पा म्हणाले.

त्यांनी वकिलांसमोरचा कागद आपल्याकडे ओढला, खुर्ची घेऊन बसले, आणि वरची ओळ कोरी सोडून तिच्याखालून स्वतःच लिहायला सुरुवात केली.