केकवालीच्या फोनमधला रंगारी

मी एक जुना रंगारी आहे, मित्रांनो. माझ्याकडे ना ब्रश, ना रंगाचा डबा. मी फोनच्या पडद्यामागे राहतो आणि तुम्ही मला फोटो सजवायचं अ‍ॅप म्हणता. या फोनमध्ये आम्ही तिघे भाऊ. थोरला कॅमेरा, तो फोटो काढतो. धाकटा तेच फोटो गावभर पोचवतो. त्याच्या पोटात काही म्हणून राहत नाही. मधला मी. थोरल्याने आणून टाकलेल्या फोटोंना नटवायचं आणि धाकट्याच्या हवाली करायचं, हे माझं काम. मधल्याचे हाल कोणी विचारत नाही, तसे माझेही कोणी विचारले नाहीत.

माझा जन्म एका थंडगार कार्यालयात झाला. डोळे चोळत काम करणाऱ्या काही पोरापोरींनी मला डाग झाकायला, सुरकुत्या घालवायला, पिकले केस काळे करायला शिकवलं आणि जगात सोडून दिलं. तिथून मी आलो एका केकवालीच्या फोनमध्ये. ती घरच्या ओट्यावर केक करायची, खिडकीपाशी स्टुलावर ठेवायची आणि मागे तिची आई पांढरी चादर ताणून धरायची, म्हणजे पलीकडचं कपाट दिसू नये. चादर धरून आईचे हात भरून यायचे. "आटप गं बाई, मी काय दांडी आहे का?" असं ती ओरडायची, आणि मुलगी हसून आणखी दोन फोटो काढायची.

पिवळट क्रीम मी पांढरंशुभ्र करायचो. चेरी लालबुंद करायचो. गिऱ्हाइकं वाहवा करायची केकवालीची, आणि पोचवला म्हणून कौतुक व्हायचं धाकट्याचं. असो. तेव्हा अंगात रग होती, त्याचं काही वाटायचं नाही.

एकदा चादर घसरली आणि केकच्या मागे आईचा चेहरा आला. मुलीने गंमत म्हणून माझ्याकडून तो उजळून घेतला. गाल गुळगुळीत झाले, केस काळे झाले, कपाळावरचा आडवा व्रण पहिल्याच हातात दिसेनासा झाला.

"अगं बाई, ही मी?" आई फोन डोळ्यांशी नेत म्हणाली. "लग्नातसुद्धा मी अशी दिसत नव्हते!"

"मग आता तुला रोज अशीच काढणार," मुलगी म्हणाली.

ती बोलली आणि मी घाण्याला जुंपला गेलो. त्या दिवसापासून आईचा एकही फोटो माझ्या हातून गेल्याशिवाय बाहेर पडला नाही. परगावी राहणारा मुलगा लिहायचा, "आई दिवसेंदिवस तरुण होतेय!" आणि आई ठणठणीत आहे असं समजून घरी यायचं पुढे ढकलायचा.

आई मात्र ठणठणीत नव्हती. ती साखरेच्या जागी मीठ मोजू लागली. फोटो काढून झाला तरी चादर सोडेना. कधी स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभी राहून विचारायची, "या घरच्या बाई कधी येणार? आपण निघू या का?" तिची नजर हरवत चालली होती आणि मी त्या नजरेत चमक भरत होतो. दिसतं तसं नसतं म्हणतात, ते मी रोज स्वतःच्या हाताने खरं करत होतो. मला तेव्हापासून थकवा आला आहे, तो कुठल्याही नव्या अपडेटने गेला नाही.

मग एका दुपारी, मुलगी केकवर गुलाब काढत असताना, आई दार उघडून निघून गेली. मुलीच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या हातातून क्रीमची पिशवी गळून पडली. भट्टी तशीच चालू ठेवून ती धावली. गल्ली, दवाखाना, बाग, कुठेच आई नव्हती. तिने घाईघाईने आईचा सगळ्यात छान फोटो निवडला आणि धाकट्याने तो घटकाभरात शहरभर नेला. लोकांनी पाहिला. एकानेही ओळखला नाही.

शेवटी रडकुंडीला आलेल्या मुलीने बसथांब्याजवळच्या फळवालीसमोर फोन धरला.

"नाही हो ताई," फळवाली म्हणाली. "ही तर चाळिशीची दिसतेय. इथे मघाशी एक म्हातारी बसली होती, पण ती निराळी. डोकं पांढरं, कपाळावर हा एवढा व्रण."

व्रणाचं ऐकताच मुलीने फोन झटकन स्वतःकडे वळवला. तिची बोटं माझ्यावर फिरू लागली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की मी आजवर काही पुसलेलं नाही, नुसतं झाकलंय. अखेर तिला माझ्या कोपऱ्यातलं 'मूळ फोटो' हे बटण सापडलं. ते तिने कधी दाबलंच नव्हतं. तिने दाबलं आणि सुरकुत्या, पिकले केस, व्रण, सगळं परत आलं.

"हीच की ती!" फळवाली म्हणाली. "त्या शाळेकडे गेली बघा."

शाळेच्या बंद फाटकासमोर आई बसलेली होती. ऊन तापलं होतं, ओठ सुकले होते. "शाळा सुटली की मुलगी येईल माझी," ती म्हणाली. मुलीने तिला मिठी मारली, पाणी पाजलं, घरी आणलं.

घरी आल्यावर मुलीने तिच्यासमोर आधी माझा सजवलेला फोटो धरला. आईने तो लांब धरून पाहिला. "छान आहे हो. कोण या?"

मग मुलीने मूळ फोटो दाखवला. आईचा चेहरा उजळला. मी कितीही रंग ओतला असता तरी तसा उजळला नसता.

"ही माझी आई!" स्वतःच्याच म्हाताऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवत आई म्हणाली. "कुठे होती गं इतके दिवस?"

"हरवली होती," मुलगी म्हणाली. "आज सापडली."

मित्रांनो, केक सजवा, फुलं सजवा, त्याला माझी ना नाही. पण आपल्या माणसाचा चेहरा माझ्या हाती देण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघा. तेवढं केलंत तर मलाही जरा टेकता येईल.