सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही

साहेब, तुम्ही ते नाटक पाहिलंच नाहीत. अनुदान मंजूर करणारे म्हणून रंगीत तालमीला आलात, पहिलं गाणं संपायच्या आत बाहेर पडलात आणि कोट ठेवायच्या खिडकीपाशी उभे राहून फोनवर कुणाला तरी म्हणालात, "बघितलं मी. सोळाच्या खाली नको." तोंडात खसखस लावलेल्या पावाचा घास होता. मी दोन हात अंतरावर होते, कोबीच्या पिंपावर पालथी. सगळं ऐकलं. पण माझी साक्ष कोण काढणार?

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पत्र्याची. डॅन्यूबच्या काठी एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याला काचेचा लेप दिला, भट्टीत भाजलं, निळ्यावर पांढरी अक्षरं आली: सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. एकदा तो लेप बसला की पत्र्याला ऊन लागत नाही, थंडी लागत नाही, काहीच लागत नाही. लोक याला टिकाऊपणा म्हणतात.

मला या गावच्या नाट्यगृहात आणलं आणि दारावर ठोकलं. तेव्हा जुनी, कम्युनिस्ट राजवट होती. व्यवस्थापक पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे, "पाटी म्हणावी तर अशी! एक अक्षर उडालेलं नाही." ज्या दिवशीच्या नाटकात चुंबन असेल त्या दिवशी मी सुलटी टांगलेली असायचे. बाकीच्या दिवशी खिळ्यावर उलटी.

एका रविवारी सूतगिरणीत कामाला लागलेली एक मुलगी धाकट्या बहिणीचा हात धरून आली. धाकटीला बाहेर बाकावर बसवून थोरली नाटक बघणार होती. द्वारपालानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"गिरणीत घेतात की मला," ती म्हणाली. "तिथं नाही कुणी वय विचारत."

"गिरणीत कुणी मुके घेत नाही," द्वारपाल म्हणाला आणि स्वतःच हसला.

ती परत गेली. तिचं नाव ऑरिका. ती पुन्हा आली नाही. सतराव्या वर्षी न्यूमोनियानं गेली, असं गावात सांगितलं गेलं.

पुढं राजवट पडली. लोकांनी पुतळे पाडले, रस्त्यांची नावं बदलली, आणि मला खिळ्यावरून उतरवलं. कुणी फेकलं नाही, एवढीच मेहेरबानी. कोट ठेवायच्या खिडकीमागे बायका हिवाळ्यासाठी कोबी आंबवायच्या. त्या पिंपावर मला पालथी घातली, वर नदीतला धोंडा ठेवला. मी तीस वर्षं खारं पाणी पाहिलं. तक्रार नाही. पिंपाला वयाची अट नसते.

त्या खिडकीत बसणारी व्हेता मावशी म्हणजे ऑरिकाची धाकटी बहीण. तीच, बाकावर बसणार होती ती. आता केस पांढरे, गुडघे दुखरे. कोट घ्यायचे, बिल्ला द्यायचा, दारावर तिकिटं बघायची, एवढं तिचं काम. शाळा सुटल्यावर तिची नात इलिंका तिच्याजवळ येऊन बसायची. पंधरा वर्षांची, तोंडाळ.

यंदा दिग्दर्शिका मिरुनाबाईंनी नवं संगीत नाटक बसवलं. जुन्या राजवटीतली, याच गावच्या गिरणीतली एक मुलगी. तिला दिवस जातात, गर्भ पाडणं गुन्हा असतो, चोरून पाडते आणि मरते. जाहिरात लागली त्या दिवशी इलिंका खिडकीशी आली.

"आजी, हे आपल्या भिंतीवरच्या फोटोतल्या ऑरिकाचं आहे का?"

"नाटक आहे ते. बिल्ले पूस."

"न्यूमोनिया, न्यूमोनिया! आईला विचारलं की न्यूमोनिया, तुला विचारलं की बिल्ले पूस. आपल्या घरात एकाला तरी खरं बोलता येतं का?"

व्हेता मावशीनं बिल्ले स्वतःच पुसायला घेतले. नात पळाल्यावर मात्र शेजारच्या बाईला म्हणाली, "मला नाही जमलं गं सांगायला. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. गाण्यात ऐकेल पोरगी. मग विचारेल ते सांगेन."

म्हणजे बघा मित्रांनो, एका म्हातारीनं आपलं तोंड त्या नाटकावर सोपवलं होतं.

आणि मग तुमचा फोन झाला, साहेब. मिरुनाबाई धावत बाहेर आल्या.

"अहो, नाटकातली पोरगी सतराची आहे. सोळा-सतराच्याच मुलींच्या नशिबी आलं हे. मग दाखवायचं कुणाला, आजोबांना?"

"वय कोवळं असतं बाई. मनावर परिणाम होतो."

"कोरसमध्ये दोघी चौदाच्या आहेत. त्यांनी काय डोळे मिटून गायचं?"

"गाऊ देत की," तुम्ही म्हणालात. "बघायचं नाही, एवढंच."

मिरुनाबाईंना हसू आवरेना आणि रडूही. तुम्ही म्हणालात, पाटी लागली नाही तर अनुदानाचं पुढच्या वर्षी बघू. झालं. धोंडा उचलला, मला पालथीची उताणी केली, ओल्या फडक्यानं पुसलं. एक अक्षर उडालेलं नव्हतं.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. तुम्ही भाषण केलंत आणि पडदा उघडायच्या आत बाहेर येऊन कॉफी मागवलीत. सगळे आत गेल्यावर इलिंका आली. हातात तिकीट.

"आजी, सरक."

"पाटी वाच."

"दोन महिन्यांत सोळा होतायत मला!"

"पाटीला महिने कळत नाहीत." व्हेता मावशीचा आवाज माझ्यासारखाच होता, पत्र्याचा. तुम्ही बघत होतात ना.

"शाब्बास मावशी!" तुम्ही पेला उंचावलात. "घरच्यांनाही सूट नाही. नियम असा पाळावा."

इलिंकानं तिकीट चुरगाळलं आणि कोटांच्या मागं जाऊन बाकावर बसली. दार बंद झालं. गाणं दारातून झिरपत होतं, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळानं व्हेता मावशी तिच्याजवळ जाऊन बसली. आत संगीत थांबलं होतं, फक्त एक ढोल हळू वाजत होता.

"आता काय चाललंय आत?" इलिंकानं विचारलं. रागानंच.

"तिला दवाखान्यात आणलंय."

"तुला काय माहीत? तू तर कायम बाहेर असतेस."

"मी होते तिथं."

"कुठं?"

"दवाखान्यात. रक्त थांबत नव्हतं तिचं. आई गिरणीत कामावर होती. मीच हात धरून गाडीत बसले. खाटेपाशी एक कोटवाला सरकारी माणूस खुर्ची घेऊन बसला होता. म्हणायचा, ज्या बाईनं पाडलं तिचं नाव सांग, मग डॉक्टर हात लावतील. ऑरिका भिंतीकडं बघत राहिली. मग त्यानं मला लिमलेटची गोळी दिली. म्हणाला, तू शहाणी आहेस, तू सांग."

"तू केवढी होतीस?"

"दहा."

"आणि तुला आत सोडलं?"

"कोण अडवणार? तिथं पाटी नव्हती."

कोटांतून पावसात भिजलेल्या लोकरीचा वास येत होता. इलिंकानं विचारलं, "मग? नाव सांगितलंस?"

"मला माहीतच नव्हतं बाळा. मी गोळी खाल्ली. संपेपर्यंत ती गेली होती."

आत टाळ्या सुरू झाल्या. गर्दी व्हायच्या आधी तुम्ही खिडकीशी आलात, बिल्ला ठेवलात. व्हेता मावशीनं उठून तुमचा कोट दिला.

"नातीला समजावलंत ना? बरं केलंत. असलं काही या वयात कानावर पडू नये."

"साहेब," इलिंका म्हणाली, "माझी आजी दहा वर्षांची होती."

"कधी?" तुम्ही विचारलंत. कोटाची बटणं लावलीत आणि निघालात. उत्तरासाठी थांबला नाहीत.

मित्रांनो, पाट्या जपून लावा. आम्ही टिकाऊ असतो आणि आम्हाला काही लागत नाही, म्हणून आम्हाला कुठं ठोकायचं याचा विचार ज्यांना काही लागतं त्यांनीच करायचा असतो.

आणि साहेब, तुम्ही. मी तेव्हाही होते. याच गावात, नाट्यगृहाच्या दारावर, एका खोट्या चुंबनावर पहारा देत होते. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं होता. दहा वर्षांची पोर त्या दारातून आत गेली तेव्हा त्या दारावर मी का नव्हते?

मी अजून खिळ्यावर आहे, साहेब. सांगा.