एका ताग्याचे तीन कपडे

नाताळच्या आदल्या सकाळी सेमिसीने परसात तीन तास घाम गाळून खड्डा खणला, आणि दुपारी डेब येऊन सांगून गेली की उद्या अख्ख्या राज्यात उघड्यावर आग पेटवायला बंदी आहे. पारा चव्वेचाळीसवर जाणार होता. डेब आमच्या भाड्याच्या घराची देखरेख करते.

"खड्डा झकास झालाय हो," ती म्हणाली. "पण त्यात काडी ओढलीत तर माझी नोकरी जाईल आणि शेजारच्यांची बाग."

सेमिसी गुडघाभर खड्ड्यात कुदळ घेऊन उभा. आमच्या हापाई बेटांवर एवढं खणलं की पाणी लागतं. इथली रेन्मार्कची लाल माती म्हणजे नुसता दगड. आजूबाजूला त्याने नदीकाठून आणलेले धोंडे रचून ठेवले होते, उमू लावायला. तापल्या धोंड्यांवर पानांत गुंडाळलेलं डुक्कर आणि तारोचे कंद ठेवायचे, वरून माती लोटायची आणि चर्चला जायचं. याखेरीज नाताळ असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"आता त्यात झोप," मी म्हटलं. "गार असेल."

तो हसला. मी काहीही फेकून मारलं तरी तो हसतो. हा गुण बघून मी त्याच्याशी लग्न केलं. एकच गुण बघून लग्न करू नये, हे मागाहून कळलं.

हा आमचा दोघांचा पहिला नाताळ. लग्नानंतरचे आधीचे दोन्ही त्याच्या बहिणीच्या, एलेनोआ अक्काच्या घरात गेले. तिथे मी पहाटे उठून नारळ खवायची आणि शेवटच्या पंगतीला जेवायची. तक्रार नाही, सगळ्याच भावजया तसंच करतात. पण या वर्षी घर माझं, ओट्याशी मी एकटी, आणि माझ्या हाताला चव आहे की नाही हे सांगायला फक्त नवरा. बरोबर राहणारी दोन्ही जोडपी नातलगांकडे गेलेली. असा नाताळ मी मनात किती वेळा मांडला होता. त्यात आम्ही तिघं असायचो.

लुपे अक्काकडे होती. मार्चमध्ये आम्ही दोघं इथे जर्दाळू-पीचच्या बागेत कामाला आलो तेव्हा ती तेरा महिन्यांची होती. अंगावर पीत होती. विमानात माझा ब्लाउज भिजला आणि शेजारच्या बाईने आपली शाल माझ्यावर टाकली. नऊच महिन्यांचा प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणाले. नऊ महिन्यांत तर मूल पोटात वाढतं, मग बाहेर किती वाढत असेल, हे कुणीच म्हणालं नाही.

मग मुकादमाने नवा करार पुढे केला, चार वर्षांचा, आणि त्यात मूल आणायची मुभा होती. मालकाची सही झाली. घरातली मागची खोली आम्हाला मिळाली. जुन्या वस्तूंच्या दुकानातून सेमिसीने लाकडी पलंग आणला, लहानगा, कठड्याचा. त्याला मी पांढरा रंग दिला. आता एकच काम उरलं होतं. अक्काला सांगायचं.

हे 'सांगायचं' किती अवघड आहे, ते आमच्याकडच्या माणसाला विचारा. बापाची थोरली बहीण आमच्यात सगळ्यांच्या वर. बारशाला, लग्नाला, मयताला मानाची चटई तिची. ती भावाच्या घरातलं काहीही मागू शकते आणि भाऊ 'नाही' म्हणत नाही. म्हणत नाही म्हणजे म्हणता येतच नाही. भाऊ बहिणीसमोर थट्टा करत नाही, मोठ्याने बोलत नाही, वर डोळे करून बघतसुद्धा नाही. त्यातून सेमिसीची आई तो पाच वर्षांचा असताना गेली. अक्कानेच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवला. त्यापायी तिचं लग्न उशिरा झालं, मूल झालं नाही, आणि तीन वर्षांपूर्वी नवराही गेला. या बाईला वाईट म्हणायची सोय नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

"तू सांगायचंस," त्या दुपारी तारो सोलता सोलता मी त्याला बजावलं. "माझा आवाज तिथे पोचत नाही."

"सांगतो म्हटलं ना."

"काय सांगशील?"

त्याने सुरी ठेवली, मान खाली घातली आणि तारोच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "अक्का, मार्चमध्ये आम्ही लुपेला न्यायला येतोय."

"परत म्हण."

त्याने पाच वेळा म्हटलं. पाचव्यांदा जरा ठणठणीत आलं. मी खूश होऊन त्याला तळलेला तुकडा दिला. डुकराचं मांस सुरीने तोडून स्वयंपाकघरातल्या विजेच्या भट्टीच्या दोन ताटल्यांत बसवलं. तारोची पानं इथे मिळत नाहीत म्हणून पालकात खारवलेलं मांस आणि नारळाचं दूध बांधलं. संध्याकाळी सेमिसी खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला आणि तिथेही तेच वाक्य म्हणाला. मी खिडकीतून ऐकलं.

आता कापडाचं सांगते. आमच्याकडे नाताळला एका घरचे सगळे एकाच ताग्यातलं घालतात. चर्चमध्ये नुसती नजर टाकली की कोण कुणाचं ते कळतं. सप्टेंबरात मी जांभळ्यावर पांढऱ्या जास्वंदीचं कापड आणलं. त्यातून सेमिसीचा सदरा, माझा झगा आणि लुपेचा फ्रॉक शिवला. फ्रॉकला मापाचं कोणी हाताशी नव्हतं. मी डोळे मिटले, तिला कडेवर घेतल्यासारखा हात धरला आणि जिथे तिची टाच माझ्या कमरेला लागायची तिथून वर अंदाज घेतला. वाढत्या अंगाची म्हणून दोन बोटं जास्त धरली. बोटीने जाणाऱ्या पिंपात साबण, टिनचं मांस, अक्कासाठी चादरी आणि सगळ्यांत वर तो फ्रॉक. पिंप नोव्हेंबरात पोचलं.

नाताळच्या सकाळी आम्ही दोघं जांभळ्यात नटलो. कमरेला ताओवाला, म्हणजे मानाची विणलेली चटई, बांधली. घाम पाठीवरून वाहत होता. आमचं चर्च अकराला, तिकडचं घड्याळ आमच्या अडीच तास पुढे, म्हणजे ते चर्चहून परतून जेवायला बसलेले असणार. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. सेमिसी बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

फोन लागला. आधी छप्पर दिसलं, मग कुणाचा तरी कान, मग अक्का. सगळी भावकी चटईवर बसलेली, मधे पाद्रीकाका. आणि अक्काच्या मांडीवर लुपे.

ती हिरव्या कापडात होती. हिरव्यावर पिवळी पानं. अक्काचा झगा त्याच कापडाचा.

"नाताळच्या शुभेच्छा गं, लोसे! केवढी वाळलीस! जेवायला घालत नाही का हा तुला?"

"घालतो की, अक्का. शुभेच्छा तुम्हाला. अक्का... तो जांभळा फ्रॉक?"

"अगं, फार गोड शिवला होतास. पण दंडात अडकला. खाली ओढला तर रडायला लागली. शेवटी उसवून आज सकाळी परत घालून बघितला, तरी होईना." अक्का मनापासून हळहळली. "तू गेलीस तेवढीच राहिली असं वाटलं होय तुला? खाते बघ कशी!"

चटईवरचे सगळे हसले. मीही हसले. आई म्हणून मला एवढी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

"लुपे," मी हाक मारली. "लुपू, इकडे बघ. कोण आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं, पाव विकायला आलेल्या बाईकडे बघतात तसं. मग अक्काकडे बघून विचारलं, "आई, ही कोण?"

अक्काचा चेहरा पडला. तिने घाईने सांगितलं, "ही लोसे. ही पण तुझी आई." 'पण' म्हणाली ती. मी टेबलाखालून सेमिसीच्या पायावर पाय दिला. आता. आता सांग.

"अक्का," सेमिसी म्हणाला. मान खाली. "अक्का, मार्चमध्ये..."

"थांब भाऊ, आधी माझं ऐक," अक्का म्हणाली. तिने लुपेला शेजारी उतरवलं, पदर सावरावा तशी कमरेची चटई सारखी केली आणि ताठ बसली. पाद्रीकाकांनी हातातलं हाड ताटात ठेवलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे ठरवून चाललंय.

"आज प्रभूचा जन्मदिवस. सगळ्यांसमोर बोलते. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. मागितलंय का?"

"नाही अक्का."

"घर रिकामं झालं तेव्हाही मागितलं नाही. पण ही पोर रात्री माझा कान धरून झोपते रे. हिला माझ्याकडेच राहू दे. कायमची. तुम्ही तरुण आहात, देव तुम्हाला आणखी देईल. मला आता कोण देणार?"

ती रडायला लागली. दोन-तीन आत्याबाई पण रडायला लागल्या. मला वाटलं, सेमिसी निदान गप्प तरी बसेल. गप्प बसला असता तर दिवस काढता आला असता. पण त्याच्या तोंडून ते इतक्या लवकर आलं, जणू तेही त्याने पाच वेळा म्हणून ठेवलेलं होतं.

"तुमचा शब्द शेवटचा, अक्का."

पाद्रीकाका "आमेन" म्हणाले.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आमच्या गावात कुठल्याही भावजयीने जे केलं नाही ते करायला, भर पंगतीत नणंदेला 'नाही' म्हणायला. शब्द जिभेवर होता. तेवढ्यात रडणाऱ्या अक्काला बघून लुपेही घाबरून रडायला लागली. तिने दोन्ही हात वर केले. माझ्याकडे नाही. "आई, आई," म्हणत ती अक्काच्या अंगावर चढली आणि तिचा कान मुठीत धरून गप्प झाली. तिच्या दंडावर एक बारीक लाल रेघ होती. माझ्या फ्रॉकच्या बाहीची.

मी तो शब्द गिळला.

"अक्का," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला याचं मला नवल वाटलं. "पुढच्या नाताळचं कापड कुठलं घेणार, ते आधी कळवा. मी त्यातलाच शिवून पाठवीन."

अक्काने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. बायकांना हे कळतं. तिने हिरव्या बाहीने तोंड झाकलं आणि फोन कुणाच्या तरी हातात दिला.

आम्ही चर्चला गेलो. जाणार नाही तर काय करणार? सेमिसी पुरुषांच्या ओळीत इतक्या वरच्या पट्टीत गायला की लोक वळून बघायला लागले. इथल्या पाद्रीणबाईंनी माझा झगा चाचपला. "कापड सुंदर आहे हो. मुलीलाही यातलंच शिवलं असेल?"

"शिवलं होतं," मी म्हटलं.

घरी आल्यावर जेवायला दोन ताटं घेतली. भट्टीतलं मांस वरून करपलं होतं, आत कच्चं. सेमिसीने खाल्लं. मग बाहेर गेला आणि त्या जांभळ्या सदऱ्यातच, त्या उन्हात, फावड्याने खड्डा बुजवायला लागला. मी बराच वेळ बघत राहिले. मरू दे उन्हात, असंही एकदा वाटलं. मग पाणी घेऊन गेले.

तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "तू 'नाही' म्हणाली असतीस ना, तर मी तुझ्या मागे उभा राहिलो असतो."

"मागे?" मी म्हटलं. "पुढे कोण उभं राहणार होतं?"

या वेळी तो हसला नाही. खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला, तिथेच, अर्धवट बुजवलेल्या खड्ड्याच्या काठाशी. मला त्याची कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम येतं, हे मला त्या दिवशी समजलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस उन्हाने तापले होते.

पाचच्या सुमाराला अक्काचा निरोप आला. बोललेला नव्हता, लिहिलेला. तिला लिहायला वेळ लागतो, म्हणजे जेवणं आटोपल्यापासून ती तेवढंच करत असणार. 'छाती एकवीस. दंड आठ. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकोणीस. दर महिन्याला माप पाठवत जाईन.'

मी मागच्या खोलीत गेले. पांढऱ्या पलंगाजवळच्या भिंतीवर पेन्सिलीने ते आकडे लिहिले, तारीख घातली. मग उरलेलं जांभळं कापड काढून जमिनीवर पसरलं आणि टेपने एकोणीस इंचांवर खूण केली. माझ्या फ्रॉकची लांबी मला पाठ होती, तिथे दुसरी खूण केली. त्या दोन खुणांमध्ये मी बोटं आडवी ठेवून बघितली. पाच बोटं बसली.