पत्र्यावर न मावलेला माणूस

मित्रांनो, पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना एका गावच्या नाल्याकाठी, बाभळीच्या बुंध्याला टेकून उभा असलेला गंजका पत्रा दिसला, तर तो मी. मी जाहिरातीचा एक जुना फलक आहे. आज माझ्याकडे शेळ्याही पाठ घासायला येतात. पण एके काळी एसटीतली माणसं मान वळवून मला बघत असत.

मला कळू लागलं ते धुळ्यात, मगन पेंटरच्या ओट्यावर. अभयशेठ नावाच्या व्यापाऱ्याकडे ‘तुफान’ या थंड पेयाची एजन्सी होती. कंपनीने त्याला छापील चित्र पाठवलं होतं. त्या काळात गाजणारा सिनेमातला एक हिरो भिंतीवर बाटली फोडतो आहे, काचा उडताहेत आणि तो हसतो आहे. खाली लिहिलेलं : ‘ज्याच्या हाती तुफान, त्याला कोण अडवणार?’

मगनची रीत जुनीच होती. दोऱ्याला खडू चोळायचा, ताणून माझ्यावर सोडायचा, की रेघ उमटायची. असे चौकोन आखून झाले की कागदावरचा एक चौकोन बघायचा आणि माझ्यावरचा एक रंगवायचा. हिरो उतरला, बाटली उतरली. पण उजवीकडे मी आखूड पडलो. कागदाच्या त्या कोपऱ्यात एक माणूस पालथा पडलेला होता. हिरोने ज्याला मारलं, तो.

“शेठ, हा माणूस काही मावत नाही,” मगन म्हणाला.

“मग सोडून दे. पडलेला माणूस बघून कोणाला तहान लागते, मगन? त्यापेक्षा काचा चमकव. पोरांनी थांबून बघितलं पाहिजे.”

मगनने काचा चंदेरी रंगात काढल्या. हात लावून बघावंसं वाटेल अशा त्या चांदण्यांसारख्या झाल्या. शेठ खूश झाला. मीही मनातून फुललो.

मला या गावच्या फाट्यावर, नाल्याच्या पुलाशेजारी, पुना नावाच्या वाण्याच्या दुकानावर ठोकलं. हाच हिरो हीच बाटली फोडताना टीव्हीवरही दिसे. पण टीव्हीवर तो पळभर यायचा आणि माझ्यावर दिवसभर उभा असायचा. कॉलेजातली पोरं माझ्यासमोर केसांवरून हात फिरवत, बाटली उंच धरत, डोळे बारीक करून हसत. निंबाला ते सगळ्यांत छान जमे. निंबा होता सतरा-अठराचा, अंगाने काटकुळा, एरवी बहिणीच्या शब्दाबाहेर न जाणारा.

फाट्यावर शेंगा विकणाऱ्या आक्काबाईने एकदा त्याला विचारलं, “काय रे निंबा, हाऊ कोनले मारी ऱ्हायना?”

“कोनलेच नही, आजी. हिरो शे तो.”

“मंग बाटली कसाले फोडी त्यानी?”

पोरं खो खो हसली. आक्काबाई शेंगा पाखडत राहिली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि ऊन कललं की नाल्याच्या दोन काठांवर दोन गावच्या पोरी उभ्या राहून गाण्यातून एकमेकींचे वाभाडे काढतात. फार तर मातीचं ढेकूळ फेकायचं, तेही हातात चुरून. पुरुषमाणसाने मध्ये पडायचं नाही. वर्षभर सासरी गिळलेलं सगळं त्या एका दिवशी कोरड्या नाल्यात सांडायचं आणि हलकं होऊन घरी जायचं, अशी ती रीत.

निंबाची बहीण लताबाई लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती. पलीकडच्या पोरींनी तिलाच धरलं :

“पल्याडनी लतानी भाकर कच्ची,
सासू म्हने, सून नही, म्हैस शे सच्ची!”

लताबाई पोट धरून हसली. पदर खोचून ती उत्तराचं गाणं जुळवू लागली. पण पुलावर उभ्या असलेल्या पोरांतला एक निंबाला म्हणाला, “तुनी बहीनले म्हैस म्हनतस, आनि तू दखत उभा? वा रे हिरो!”

निंबाने माझ्याकडे बघितलं. त्याची ती नजर मला आजही विसरता येत नाही. तो चित्रातल्यासारखा हसला, धावत काठावर उतरला, बहिणीच्या शेजारी उभा राहिला आणि पलीकडच्यांना दाखवण्यासाठी हातातली बाटली दगडावर आपटली.

काचा उडाल्या. त्या चांदण्यांसारख्या नव्हत्या. दिसल्यासुद्धा नाहीत. फक्त लताबाईचं गाणं मध्येच तुटलं आणि ती डोळा दाबून खाली बसली.

पलीकडच्या पोरी नाला ओलांडून धावत आल्या. जिने म्हैस म्हटलं होतं, तिनेच आपला पदर फाडून पट्टी बांधली. निंबा उभाच होता, बाटलीचं तुटकं तोंड हातात घेऊन. “ताई, मी तुले नही... मी कोनलेच नही...” एवढंच तो म्हणत होता.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लताबाईचा डोळा राखला. त्या डोळ्याची नजर मात्र परत आली नाही.

पावसाळा सरल्यावर कंपनीने हिरो बदलला. अभयशेठने मगनला मला उतरवायला धाडलं. मी खाली आलो तेव्हा लताबाई तिथे उभी होती. तिने माझ्यावरून हात फिरवला, अगदी कडेपर्यंत.

“मगनभाऊ, मार खानारा कोठे शे याम्हा?”

मगनची मान खाली गेली. “तो मावला नव्हता, ताई.”

“मंग आते जागा करा.”

मगनने पुनाकडून तेलाचा रिकामा डबा घेतला, कापून सपाट केला आणि माझ्या उजव्या कडेला रिबिटांनी जोडला. त्याने पुन्हा चौकोन आखले. या वेळी समोर छापील कागद नव्हता; लताबाई बसली होती. तिने डोळ्यावरची पट्टी सोडली आणि म्हणाली, “शे तसं काढा.” मगनने तसंच काढलं. चंदेरी रंगाचा डबा त्याने उघडलासुद्धा नाही.

मला न्यायला शेठ स्वतः आला, पण त्याने हरकत घेतली नाही. डब्यावरच्या लताबाईकडे बोट दाखवून तो एवढंच म्हणाला, “हिला इथेच राहू दे.” निंबाने मला खांद्यावर घेतलं आणि नाल्याकाठी आणून ठेवलं.

आता आखाजीला नवी पोरं माझ्यासमोर थांबतात. आधी हिरोकडे बघून हसतात, मग नजर उजवीकडे सरकते आणि “ही कोन शे?” म्हणून विचारतात. निंबा तेव्हा फडकं घेऊन आलेला असतो. तो माझा तेवढाच तुकडा पुसतो. हिरोवरची धूळ तशीच राहते.

मित्रांनो, तुमच्या काळातही देखणी माणसं देखण्या चित्रांत काही ना काही फोडत असतील. तेव्हा कडेला बोट ठेवून विचारा, मार खाणारा कुठे गेला? आणि कधी या वाटेने आलात, तर मला नवा रंग देऊ नका. माझा हिरो गंजून गळून गेला तरी चालेल. त्या डब्याच्या तुकड्याला मात्र हातभर सावली करा.